पासंगरावांचं एक पॉइंट शून्य चार

वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं काढल्यावर माणसाच्या कोशात दोनच शब्द उरतात: पास आणि नापास. निदान पासंगरावांच्या कोशात तेवढेच होते. काटा बरोबर असला की शिक्का, नसला की जप्ती. दुकानदार काकुळतीला येऊन म्हणे, साहेब, जरासाच हललाय हो. त्यावर पासंगराव चष्म्यावरून बघत आणि जरासा म्हणजे किती ग्रॅम, ते विचारत. उत्तर आलं तर लिहून घेत, नाही आलं तरी काटा उचलून नेत.

पासंगराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. हलक्या पारड्याखाली शिशाचा, मेणाचा, अलीकडे च्युइंगमचा जो तुकडा चोरून चिकटवतात, त्याला पासंग म्हणतात, आणि तो हुडकून काढण्यात या गृहस्थांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाजाराने चिडून ठेवलेलं नाव यांनी पदवीसारखं मिरवलं. पारडं उलटं करून तळाशी नखाने खरवडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते इतर माणसांच्या चेहऱ्यावर जेवणानंतर दिसतं.

अशा माणसाच्या हातात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, एका सोमवारी संध्याकाळी एक कागद पडला आणि त्यावर तिसराच शब्द होता. संदिग्ध.

कागद रक्ततपासणीचा होता आणि तपासणी लग्नासाठी होती. पासंगरावांची बायको जाऊन सात वर्षं झाली होती. आता चौकातल्या चष्म्यांच्या दुकानातल्या बाईंशी त्यांचं ठरत आलं होतं. बाईही एकट्याच, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. डोळे तपासून नंबर काढण्याचं काम त्या स्वतः करत. ओळख झाली तीसुद्धा नंबर काढतानाच. बाई डोळ्यांपुढे एक भिंग धरत, मग दुसरं, आणि विचारत, "हे बरं की हे?" सामान्य गिऱ्हाईक यावर काहीतरी बोलून मोकळं होतं. पासंगरावांनी एक तास दहा मिनिटं घेतली. काही भिंगं सारखीच दिसत होती, पण 'दोन्ही सारखीच' हे जबाबदार अधिकाऱ्याच्या तोंडी शोभणारं विधान आहे असं त्यांना वाटत नव्हतं. शेवटी बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, दोन्ही सारखी दिसली की मला कळतं, नंबर सापडला. तुम्ही नेमकं तेवढंच मला सांगत नाही आहात." हे शास्त्र पासंगरावांना पटलं नाही. मात्र त्यानंतर त्यांच्या चष्म्याचा स्क्रू महिन्यात चार वेळा सैल झाला.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा बाईंनी अट घातली एकच. दोघांनी रक्त तपासायचं, सगळं काय आहे नाही ते, आणि रविवारी सकाळी अकरा वाजता दुकानात कागदांची अदलाबदल करायची. नंबर काढल्याशिवाय मी कोणाला फ्रेम दाखवत नाही, असं त्या म्हणाल्या. पासंगरावांना ही अट इतकी आवडली की त्याच क्षणी त्यांनी मनातल्या मनात बाईंवर शिक्का मारला. त्यांच्या मते जगातले निम्मे संसार बिनतपासणीच्या काट्यावर चालले आहेत.

आता मूळ घोटाळा. रक्त द्यायला गेल्यावर त्यांना एक छापील फॉर्म मिळाला. त्यावर तपासण्यांची नावं आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. माणसं त्यातले चार-सहा चौकोन भरतात, तेही डॉक्टर सांगेल तेवढे. पण रिकामा चौकोन म्हणजे मागाहून कोणीतरी काहीतरी घुसवण्याची जागा, हे खात्यातलं पहिलं शिक्षण. पासंगरावांनी सगळेच्या सगळे एक्केचाळीस चौकोन भरले. त्यातल्या दोन तपासण्या गरोदरपणाच्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने त्या न बोलता खोडल्या, यात तिचे संस्कार दिसले. राहिल्या एकोणचाळीस. अडतीस चोख उतरल्या. एकोणचाळिसावी होती हर्पीस. तिचे पुन्हा दोन प्रकार. प्रकार एक: नाही. प्रकार दोन: १.०४. पुढे कंसात खुलासा, की ०.९०च्या खाली असेल तर नाही, १.१०च्या वर असेल तर आहे. आणि त्या दोघांच्या मधे, बरोबर उंबरठ्यावर पाय ठेवून, पासंगराव.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही चिकटवलेलं नव्हतं.

घरात त्यांची मावशी होती. वय ब्याऐंशी, कान तल्लख. आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे वकील वर्तमानपत्र परत द्यायला खाली आलेले. वकिलांना दुसऱ्याच्या हातातला कागद वाचता येण्यासाठी तो आपल्या हातात असावा लागत नाही. त्यांनी खांद्यावरूनच निकाल वाचला आणि आनंदाने जाहीर केलं, की संदिग्ध म्हणजे संशयाचा फायदा, संशयाचा फायदा आरोपीला, तेव्हा तुम्ही निर्दोष. पासंगरावांनी विचारलं, की आरोप काय आहे ते तरी कळेल का. वकील म्हणाले, "हर्पीस म्हणजे हो आपली नागीण."

नागीण हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मावशी बाहेर आली. तिने पुढचं काही ऐकून घेतलं नाही. "शर्ट काढ, बाळा," एवढंच म्हणाली.

खात्याचा वरिष्ठ निरीक्षक बैठकीच्या खोलीत उघडा उभा राहिला. वकिलांनी मोबाइलचा दिवा धरला आणि मावशीने कमरेभोवती प्रदक्षिणा घालून तपासणी सुरू केली. नागिणीचं तोंड एका बाजूने येतं, शेपूट दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही भेटली की माणूस संपला, अशी तिची पक्की माहिती होती. पासंगरावांनी जन्मात हजारो पारडी उलटी केली होती, पण आपलं पारडं कोणी उलटं केल्यावर कसं वाटतं ते त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. तेवढ्यात मावशीला कमरेवर एक तांबडा पट्टा सापडला आणि ती मटकन खाली बसली. तो पुढून सुरू होऊन मागे जाऊन परत पुढे आला होता. म्हणजे तोंड आणि शेपूट भेटलेली होती. तो पॅन्टच्या पट्ट्याचा वळ आहे, हे पटवायला पॅन्टचा पट्टा दोनदा सोडून पुन्हा आवळून दाखवावा लागला.

या गडबडीत वकील मोबाइलवर पुढचं वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा कोर्टात साक्षीदार फुटल्यावर होतो तसा झाला. त्यांनी मावशीला चहा टाकायला पाठवलं, दार लोटलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की ही ती नव्हे. नागीण वेगळी, ती त्याच घराण्यातली पण निराळी. ही दुसरी. संबंधांतून होणारी.

पासंगरावांच्या आयुष्यात संबंध हा शब्द गेली सात वर्षं फक्त 'संबंधित अधिकारी' या रूपात आला होता. त्याआधीचे जे काही, ते एका ठिकाणचे, कायदेशीर आणि नोंदणीकृत. पण वकिलांच्यातला वकील जागा झाला होता. दौऱ्यावर मुक्काम कुठे असे? सोबत कोण असे? आठवत नाही असं काही आठवतंय का? पासंगराव उघड्या अंगाने ही उलटतपासणी सोसत होते. शेवटी त्यांनी शर्ट घातला, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि म्हणाले, की दौऱ्यावर माझ्याबरोबर वीस किलोची पितळी वजनांची पेटी असे, आणि ती उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाकडे कोणी फिरकत नाही.

मान्य करायला हवं, हे अगदी सत्य होतं.

त्या रात्री त्यांना झोप लागली ती उशिरा. काळजी रोगाची नव्हती. अंगावर फोड नाही, खाज नाही, ताप नाही. काळजी रविवारची होती. हा कागद बाईंपुढे ठेवायचा म्हणजे जे आपण कधी केलंच नाही त्याचा खुलासा करायचा, आणि न केलेल्या गोष्टीचा पुरावा कुठल्याच खात्यात मिळत नाही. बाई काही बोलणार नाहीत. भिंग खाली ठेवतील, कागद घडी करून परत देतील आणि चष्म्याचा स्क्रू यापुढे दुसऱ्या दुकानात आवळावा लागेल.

मंगळवारी रजा टाकून ते प्रयोगशाळेत गेले. मनात बेत साधा होता: माणूस खोटा नसेल तर काटा खोटा. काउंटरवरच्या त्याच मुलीने तक्रारीचा फॉर्म दिला. त्यात दोन चौकोन. अहवाल चुकीचा आहे. अहवाल उशिरा मिळाला. पासंगराव म्हणाले, अहवाल चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही, बरोबर आहे असंही म्हणता येत नाही, अहवालाला स्वतःलाच काही म्हणता येत नाहीये. मुलीने सहानुभूतीने मान हलवली आणि तिसरा चौकोन नसल्याचं सांगितलं. पुन्हा तपासणी हवी तर डॉक्टरची चिठ्ठी लागेल. चिठ्ठीशिवाय पहिली कशी केली, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पहिली तुम्ही हौसेने केलीत.

हौस हा शब्द त्यांना लागला.

खिशात खात्याचं ओळखपत्र होतं. ते काढून टेबलावर ठेवलं असतं तर आतलं दार आपोआप उघडलं असतं. शिवाय भिंतीला लागून रुग्णांना तोलण्याचा एक काटा उभा होता, त्यावर चालू वर्षाचा शिक्का नव्हता. पासंगरावांच्या बोटांना मुंग्या आल्या. पण ओळखपत्र त्यांनी बाहेर काढलं नाही. आज आपण फिर्यादी आहोत, आणि फिर्यादीने न्यायाधीशाचा झगा घालू नये, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. बाजार त्यांना नावं ठेवी ती याच गोष्टींसाठी, आणि मनातून मान देई तोही याचसाठी.

आतल्या यंत्रावर काम करणाऱ्या बाई बाहेर आल्या त्या त्यांचा आवाज ऐकून. पन्नाशीच्या, केस टोपीत कोंबलेले. यंत्र शेवटचं कधी तपासलं, या प्रश्नावर कोणीही चिडलं असतं. या बाईंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी एक जाड वही आणली. रोज सकाळी, रुग्णाचं रक्त लावण्याआधी, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने यंत्राला खाऊ घालायचे आणि यंत्र खरं बोलतंय का बघायचं. प्रत्येक दिवसाची नोंद, वेळ, सही. एकही ओळ कोरी नाही. पासंगराव उभ्याने अकरा पानं वाचून गेले. एका ठिकाणी खाडाखोड होती, तिथेही शेजारी सही होती. भांडायला आलेल्या माणसाचे डोळे ओलावल्यासारखे झाले.

"मग मधल्या आकड्याला तुम्ही आहे किंवा नाही असं का म्हणत नाही?" त्यांनी विचारलं.

"खोटं बोलावं लागेल म्हणून," यंत्रावरच्या बाई म्हणाल्या. "तेच रक्त उद्या लावलं तर थोडं वर जाईल, नाहीतर थोडं खाली. उंबरठ्यापासून लांब असेल तर फरक पडत नाही. तुम्ही उंबरठ्यावरच बसलाय. बाजारातल्या काट्यांनाही नसते का अशी सूट?"

असते. तिला सहनमर्यादा म्हणतात. किलोच्या वजनाला अमुक इतकी सूट, पाच किलोला तमुक इतकी, हे कोष्टक पासंगरावांना झोपेत पाठ होतं. जाताना त्यांनी त्या उभ्या काट्याकडे बोट दाखवून सांगितलं, की याच्या शिक्क्याची मुदत संपलीय, मी पुढच्या आठवड्यात कामावर असताना येईन, तोवर करून घ्या.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण बुधवारी सकाळी वकील जिन्यात भेटले आणि म्हणाले, की एका कोर्टाने अडवलं तर माणूस दुसऱ्यात जातो. पासंगराव दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले. या वेळी फॉर्मवरचा एकच चौकोन भरला आणि उरलेल्या सगळ्यांवर तिरक्या रेघा मारल्या. शुक्रवारी सकाळी निकाल आला. प्रकार दोन: ०.८६. नाही.

वकिलांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि खटला जिंकल्याच्या थाटात पहिला उचलून फाडायला घेतला. पासंगरावांनी तो झडप घालून सोडवला. वकील म्हणाले, "अहो, बाईंनी एक कागद मागितलाय. एक न्या. चांगला न्या. यात खोटं काय आहे? शिक्क्यानिशी आहे."

खोटं काहीच नव्हतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. दुसरा कागद शर्टाच्या उजव्या खिशात ठेवून पासंगराव शुक्रवारी ऑफिसला गेले, पहिला डाव्या खिशात. दुपारी समोर एक जुनी केस आली, किराणा दुकानदाराची. त्याच्याकडे किलोची दोन वजनं सापडली होती, एक माल घेताना वापरायचं आणि एक देताना. त्याला पासंगरावांनी भर बाजारात सुनावलं होतं, की ज्याच्याकडे दोन वजनं असतात त्याच्याकडे खरं एकही नसतं. वाक्य बाजारात गाजलं होतं. आता केसच्या कागदांवर सही करताना दोन्ही खिसे छातीला टोचायला लागले. त्यांनी पेन खाली ठेवलं. असं सही करताना थांबलेले साहेब त्यांच्या कारकुनाने कधी पाहिले नव्हते. त्याने पंखा वाढवला.

शनिवारी ते त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे केस पांढरे झालेल्या एक बाई, बोलण्यात काटकसरी. दोन्ही कागद त्यांनी वाचले, नोकरी कुठली ते विचारून घेतलं, अंग तपासलं, आणि ही तपासणी कोणी सांगितली असं विचारलं.

"मीच."

"काही त्रास होत होता?"

"नाही. चौकोन रिकामा होता."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग समजावून सांगितलं, की काहीच त्रास नसलेल्या माणसाची ही तपासणी सहसा करतच नाहीत, ती याचसाठी. ही तपासणी रोग दाखवत नाही, शरीराला त्या विषाणूची आठवण आहे का ते दाखवते. ती आठवण कधीची, कोणाकडून आलेली, हे रक्त सांगत नाही. आणि आकडा असा सीमेजवळचा असला की तपासणीलाच भास होतात. तुम्ही सांगता ते बघता काही नसण्याचीच शक्यता जास्त. घाईघाईने तिसऱ्या ठिकाणी जाऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, आणि तेव्हाही डळमळलं तर याहून बारीक तपासणी असते, ती करू.

पासंगरावांनी विचारलं, की नाही असं एका ओळीत लिहून मिळेल का.

"जास्त शक्यता नाहीची, असं लिहून देते," डॉक्टर म्हणाल्या. "नुसतं नाही, असं नाही देणार. उद्या तुम्हीच येऊन माझा काटा तपासाल."

मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट जोडली. ज्यांच्याशी लग्न करायचं आहे त्यांना आहे तसं सांगून मोकळे व्हा. पुढचं त्यांचं त्या ठरवतील.

एकोणतीस वर्षांत कोणी पासंगरावांसमोर असं ठामपणे अर्धवट उत्तर दिलं नव्हतं. यंत्रावरच्या बाईंनी आणि आता या डॉक्टरांनी एकच गोष्ट केली होती: जेवढं माहीत तेवढंच सांगितलं, आणि एक ग्रॅम वर टाकला नाही. तिन्हीत अप्रामाणिक व्हायच्या बेतात आलेला माणूस एकच, आणि तो वरिष्ठ निरीक्षक होता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी उजव्या खिशातला कागद काढून डाव्या खिशात, पहिल्याच्या घडीत ठेवला.

रविवारी मावशी बरोबर यायला निघाली. सून बघितल्याशिवाय मी मरणार नाही, आणि नागिणीचा काही भरवसा नाही, असा तिचा दुहेरी युक्तिवाद होता. दुकान बंद होतं, अर्धं शटर वर. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली मुंगीएवढी. बाईंनी तिघांसाठी स्टुलं मांडून ठेवली होती. मावशीला डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसवलं, कारण पाठीला आधार त्या खुर्चीलाच होता. त्या खुर्चीतून मावशी अपिलाच्या कोर्टासारखी दिसत होती.

पासंगरावांनी भाषण तयार केलं होतं. त्याला प्रस्तावना होती, सहनमर्यादेवर एक परिच्छेद होता, आणि दौऱ्यांच्या मुक्कामांची तारीखवार यादी सोबत जोडलेली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि प्रस्तावनाच विसरले. मग तिन्ही कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, काउंटरच्या काचेवर ठेवले आणि म्हणाले, "हे दोन आहेत. एक बरा आहे, एक बरा नाही. तुम्हाला बरा तेवढाच दाखवता आला असता. एवढंच सांगायचं होतं."

मावशीला कळेना, हा कशाबद्दल बोलतोय. बाईंना कळलं असावं. त्यांनी कागद वाचायला घेतले नाहीत. आधी ड्रॉवरमधून स्वतःचा कागद काढला आणि काचेवर त्यांच्याशेजारी सरकवला.

"तुम्ही फोनवर म्हणालात, सगळे चौकोन भरले. मग मीही सगळे भरले. नाहीतर म्हणाला असता, माझं माप कमी," त्या म्हणाल्या. "माझा प्रकार एक आहे. त्यात संदिग्ध काही नाही. अठ्ठावीस पॉइंट काहीतरी."

पासंगरावांनी आकडा पाहिला. जिथे एक पॉइंट एकशी त्यांची झुंज चालली होती तिथे ही बाई अठ्ठावीसवर स्वस्थ बसली होती. त्यांच्या मनात जे दाटून आलं तो आदर होता, असं म्हणायला हरकत नाही.

मावशीने खुर्चीतून विचारलं, की प्रकार एक म्हणजे कुठली नागीण.

"नागीण नव्हे हो मावशी. लहानपणापासून मला ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोड येतात, चार दिवस चुरचुरतात, जातात. ते म्हणजेच हर्पीस."

मावशीने स्वतःच्या ओठाच्या कडेला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे जर मुतला? ताप जाताना ओठावर मुतून जातो, तो?"

बाई हसल्या. "हो. तेच. आमची आजीही असंच म्हणायची."

"जर मुतायचा तो, त्याच्यासाठी याचं रक्त काढलं? दोनदा? आणि याला पट्टा सोडायला लावला?" मावशी पासंगरावांकडे वळली. "अरे, तुझ्या आईला दर तापात मुतायचा. आमच्या घरात सगळ्यांच्याच ओठावर मुतून गेलाय तो. तुला एकट्यालाच शिवला नाही. तू लहानपणापासून कोणाच्या उष्ट्याला तोंड लावत नव्हतास, त्याचा परिणाम."

पासंगराव प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी यावर हरकत घेतली, की माझ्या कागदावर प्रश्न आहे तो प्रकार दोनचा आहे आणि तो वेगळा. तो... ओठांचा नव्हे. एवढं बोलून ते कानांपर्यंत लाल झाले. मावशीने हात झटकला. भाऊबंदच ना, म्हणाली, मग एकाला नुसतं मुतला म्हणायचं आणि दुसऱ्याला घाबरून रजा टाकायची, हा कुठला न्याय.

बाई मात्र आता हसत नव्हत्या. त्यांनी पहिला कागद शांतपणे वाचला. मग दुसरा. मग डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटच्या ओळीपर्यंत. एकदा मधेच थांबून तारखा ताडून पाहिल्या. पासंगरावांनी समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायचा प्रयत्न केला, आणि ती त्यांना, या बाईंनीच काढलेल्या नंबरातून, स्वच्छ दिसत होती.

"तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं म्हणतात," बाई म्हणाल्या.

"हो. तोवर थांबू या, तुमची इच्छा असेल तर. किंवा तुम्ही..."

बाईंनी पहिला कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला, हातभर अंतरावर, जिथे भिंग धरतात तिथे.

"हे बरं," त्यांनी विचारलं, आणि तो खाली करून दुसरा धरला, "की हे?"

पासंगराव बघत राहिले. १.०४. ०.८६. एकावर शब्द एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि पलीकडे ज्या माणसाचं रक्त होतं तो एकच. बाईंनी घाई केली नाही. पुन्हा पहिला धरला, पुन्हा दुसरा. मावशीसुद्धा खुर्चीत पुढे वाकून बघायला लागली.

"दोन्ही," पासंगराव म्हणाले. "दोन्ही सारखेच."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी कागद घडी करून स्वतःच्या अहवालाबरोबर एकाच पाकिटात घातले, ड्रॉवरमध्ये ठेवले आणि किल्ली फिरवली. "मग सापडला नंबर," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांनी दोघं जाऊ. लग्न त्याआधी करायला माझी हरकत नाही. तोवर कशी काळजी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून घेऊ. आणि माझ्या ओठावर फोड दिसला तर तेवढे दिवस तुम्ही लांब राहायचं, ते मीच सांगेन. मला तपासत बसू नका."

मावशी म्हणाली, की माझा पण नंबर काढा आता, बसलेच आहे तर. बाईंनी तिच्यापुढे भिंग धरलं. मावशीने दोन सेकंदांत उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं.

पुढच्या आठवड्यात दोघं विवाहनोंदणीचा अर्ज भरायला गेले. अर्ज चार पानी, चौकोन भरपूर. पासंगराव वरून खाली भरत आले आणि शेवटच्या पानावर अडले. 'अन्य काही माहिती असल्यास' असं लिहून पुढे एक लांबरुंद चौकोन होता. त्यांचं पेन त्याच्यावर बराच वेळ टेकून राहिलं. खिडकीतला कारकून वाट बघत होता. मागे रांग खाकरली. बाई भिंतीवरची सूचना वाचत होत्या.

पासंगरावांनी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने तो उलटसुलट पाहिला, शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे रिकामं राहिलंय, चालेल?"

"चालेल," पासंगराव म्हणाले.